देवापुढं कबूल झालेला गांजा

सिद्धेश, वय वर्षं चोवीस, राहणार कट्टा, तालुका मालवण. त्याच्यावर अन्याय झाला तो गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेसहा वाजता, मालवणच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर. वाळूत चौघं बसले होते. तिघं पाहुणे, चौथा तो. दिवसभर त्यानं त्यांना पाण्याखालचे मासे दाखवले होते, म्हणून संध्याकाळी त्यांनी त्याला बसवून घेतलं होतं. पाहुण्यांच्या मधोमध व्हिस्कीची बाटली होती. सिद्धेशच्या हातात त्यांनीच भरून दिलेली सिगारेट होती आणि खिशात, "राहू दे तुला" म्हणून त्यांनीच दिलेली पुडी. गस्तीवरच्या दोघांनी पाहुण्यांना सांगितलं, "साहेब, बाटली तेवढी पिशवीत ठेवा, फॅमिल्या असतात." आणि सिद्धेशला सांगितलं, "चल."

पुडीत गांजा होता. चहात साखर घालतो तेवढा. कायदाही त्याला 'अल्प' म्हणतो. एक किलोपर्यंतचा सगळाच गांजा कायद्याला अल्प वाटतो, आणि तरीही चमचाभरासाठी खटला उभा राहतो.

मी पुण्यात एका लहानशा गटात काम करते. आम्ही पत्रकं छापतो, वाटतो, आणि लोक ती बाकावर ठेवून उठतात. 'शिक्षा नको, उपचार द्या' हे आमचं ठळक अक्षरातलं वाक्य. असं एक पत्रक सिद्धेशला कुणा पर्यटकाच्या ओल्या पिशवीत सापडलं आणि त्यानं मागच्या पानावरच्या नंबरावर फोन केला. मार्चातल्या एका शुक्रवारी कोर्टात त्याला विचारणार होते: गुन्हा कबूल आहे की नाही? आणि मे महिन्यात त्याची पहिली बोट होती, मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत. बोटीवर चढायला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. कोर्टात 'कबूल' म्हटलं की तो दाखला कायमचा डागाळतो. तेव्हा मी पाच दिवसांसाठी कोकणात निघाले ती एका तरुणाला दोन शब्द शिकवायला: कबूल नाही.

सोमवार, मालवण

मालवणात उतरल्यावर पहिला अर्धा तास मी नुसत्या पाट्या वाचल्या. हा आमच्या कामाचा रोग आहे. परमिट रूम, बिअर शॉपी, थंड बिअर मिळेल, फॅमिलीसाठी वेगळी सोय. आणि एका बिअर शॉपीच्या अगदी दारात, कुणीतरी लावलेली पाटी: 'नशेला नाही म्हणा.' खांब नेमका इथंच का, म्हणून मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "बाकी सगळी वाळू. खांब ऱ्हवाक नको?"

सिद्धेश मला होडीपाशी भेटला. सडपातळ, उन्हानं करपलेला, गळ्यात पाण्याखाली बघायचे चार चष्मे. मी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. मुखपृष्ठावर बेडी घातलेला हात आहे. आमच्या चित्रकारानं तो फार मन लावून काढलाय. सिद्धेशनं तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो हात कोनाचो?"

"कुणाचाही. प्रातिनिधिक."

"माका बेडी घालूक नाय, बाय. गाडयेच्या पाठच्या शिटार बसवन व्हेल्यानी. वाटेत च्या पन पाजल्यानी." मग म्हणाला, "बेडी घातली असती तर बरा दिसला असता काय?"

मी विषय बदलला. किती दिवस ओढतोस, रोज ओढतोस का, सोडावंसं वाटतं का. हे प्रश्न आमच्याकडं छापील असतात. त्यानं उत्तर दिलं ते छापील नव्हतं. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक बाटली रिचवून पाण्यात उतरलं. खाली जाऊन त्यानं सिद्धेशच्या गळ्याला मिठी मारली आणि सोडेना. दोघंही वर आले, गिऱ्हाईक ओकलं, हसलं, हॉटेलात परत गेलं. सिद्धेशची झोप गेली. डोळा लागला की गळ्याभोवती हात यायचे. पुढं कुणा पाहुण्यानं सिगारेट भरून दिली आणि त्या दिवशी तो झोपला.

"मी गर्दुलो नाय, बाय. नि चोर पन नाय. माका फकत झोप होयी."

"डॉक्टरकडं गेलास?"

"काय सांगू? गांजो ओढतंय म्हणान सांगलंय तर तो माझो डॉक्टर की साक्षीदार?"

याचं उत्तर आमच्या पत्रकात नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं आणि जेवायला गेले. खानावळवाल्या मावशींनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढताना विचारलं, "पुण्यासून? मगे तिखट कमी घालू?" मी नाणेघाट पायी चढून आल्याच्या थाटात म्हटलं, नको, तुम्ही खाता तसंच द्या. पुढचा पाऊण तास मी कुठल्याही धोरणावर विचार केला नाही.

मंगळवार, कट्टा

कट्ट्याच्या स्टॉपवर सिद्धेशचे वडील, तातूकाका, स्कूटर घेऊन उभे होते. बाजार मागे टाकून काजूच्या बागांतून त्यांच्या वाडीकडं गेलो. मार्च महिना, झाडांखाली पिकली बोंडं पडलेली, आणि सगळ्या वाटेला त्यांचा आंबूस वास. ती बोंडं आंबवली की त्यांची कसली दारू होते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल कुणाच्या चारित्र्याच्या दाखल्यावर ओरखडा उठत नाही.

आमच्याकडं दारातच विचारतात, काय काम काढलंत. इथं पोटात काही गेल्याशिवाय कामाचं विचारणं असभ्य. काकींनी, म्हणजे सिद्धेशच्या आईनं, चार घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ माझ्यापुढं ठेवली आणि ती संपेपर्यंत सगळं घर माझ्याकडं बघत बसलं. मग तातूकाकांनी निकाल दिला.

"कबूल करूचा, दंड भरूचो नि घराक येवचा. चुकला तर चुकलंय म्हणूक लाज कसली?"

मी दाखल्याचं समजावलं. दंड भरून प्रकरण मिटत नाही, नोंद राहते, बोट जाते. तातूकाकांनी शांतपणे ऐकलं.

"कोर्टातलो साहेब मानूस आसा मां?"

"आहेत ना."

"मगे मानसाक सांगल्यार कळता."

संध्याकाळी काका ओट्यावर आपला ग्लास घेऊन बसले. रोजचा, ठरलेला, सगळ्या वाडीला माहीत असलेला. मी म्हटलं, "काका, हे काय?"

"ह्यां औषद. गुडघ्याक."

"आणि सिद्धेशचं?"

"ता येसन."

आतून काकी म्हणाल्या, "शिरा पडो त्या गुडघ्यार! ह्या पावन्या चेडवासमोर तरी सांभाळून बोला." सिद्धेश एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्या घरात नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं, असं काकींनी मला नंतर सांगितलं.

मग काकींनी मुद्द्याला हात घातला. बुधवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं. न गेलेल्यांसाठी सांगते. इथं माणूस देवाकडं एकटा जाऊन पुटपुटत नाही. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान एका घराण्याकडं असतो. तो गावकार देवापुढं उभा राहतो, खणखणीत आवाजात सगळी अडचण मांडतो, चूक झाली असेल तर ती पोटात घालायला सांगतो, आणि दर वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्का मारतात. निवेदन, कबुली, मागणी आणि ठराव, सगळं एका दमात. मी मनातून थक्क झाले. आम्हाला पुण्यात एवढ्या एकमतानं सभा कधी जमलेली नाही.

काकी म्हणाल्या, "आबा गावकारांक सांगतंय, पोराच्या वाटेत संकट आसा, तां दूर कर. तेवढाच."

आणि इथं मी तोंड घातलं. आमच्या पत्रकाच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'उघड बोला, लाज मोडा.' ते पान मीच लिहिलंय. मी म्हटलं, "काकी, संकट कशाला म्हणता? गांजा म्हणा. लपवलं की लाज वाढते. ज्या दिवशी सगळ्यांसमोर नाव घ्याल, त्या दिवशी अर्धी लढाई जिंकाल."

"तू शिकललंस," त्या म्हणाल्या. "तुका कळता."

बुधवार, वाडीतलं देऊळ

आबा, इथले गावकार, सत्तरी ओलांडलेले, कमरेला पंचा, आवाज मात्र गलबतावरून हाक मारावी असा. वीस-पंचवीस माणसं जमली होती. सिद्धेश अंघोळ करून, हात जोडून पुढं उभा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या दारात तातूचो झील सिद्धेश हात जोडून उभो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या खिशात गांजो गावलो, म्हाराजा! तो गांजो ओढी होतो, तां तो तुझ्यासमोर कबूल करता, म्हाराजा!"

सगळे गप्प. एवढ्या वर्षांत त्या गाभाऱ्यात हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नसावा. मग काकींचा एकटीचा, बारीक आवाज आला: "व्हय म्हाराजा." आणि त्यामागं सगळ्यांचा.

"जानता अजानता जी काय चूक झाली आसात, ती पोटात घाल, म्हाराजा! तेका सुखाची झोप लागांदे, तेची बोट तेका गावांदे, नि शुक्रवारी कोर्टात जो कोन साहेब बसतलो, तेका बरी बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नंतर खोबरं-साखर वाटली. ती बांधून न्यायला कागद हवे होते आणि माझ्याकडं होते, तेव्हा आमची पत्रकं पहिल्यांदाच एकूण एक संपली. पण थट्टा सोडा. त्या दिवशी जे झालं ते मी शहरात कधी पाहिलं नाही. कुणी सिद्धेशकडं पाठ फिरवली नाही. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की आपल्या आज्याची चिलीम याच देवळाच्या मागं एका बुवाबरोबर चालायची. "तेवा कोन धरी नाय. आता देव तोच, कायदो नवो." शेजारची एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या घोवाच्या दारूचा कायतरी बगशील काय गो? पन आबांक सांगू नको, ते मोठ्यान बोलतत."

मी वहीत लिहिलं: लाज मोडली. खाली दोन रेघाही मारल्या.

गुरुवार, धामापूर आणि पुन्हा मालवण

वकिलांची वेळ दुपारची होती. सकाळी सिद्धेशनं मला धामापूरचं तळं दाखवायला नेलं. डोंगरांच्या ओंजळीत ठेवल्यासारखं पाणी, काठावर भगवतीचं देऊळ, माणूस नाही. पायऱ्यांवर बसून त्यानं गोष्ट सांगितली. पूर्वी घरात लग्न निघालं की इथं येऊन देवीला सांगायचं, फुलं सोडायची, की तळं दागिने द्यायचं. कार्य उरकलं की परत आणून द्यायचे. एकानं नाही दिले. तेव्हापासून तळ्यानं देणं थांबवलं.

"चुकला एकटो," सिद्धेश म्हणाला, "नि बंद झाला सगळ्यांका."

"देवीनंही सरकारसारखंच केलं म्हण की."

"देवीक कायतरी सांगूक तरी येता."

परतताना माझा अपघात झाला. वाटेतल्या झाडाचा एक हिरवा काजू मी, पुण्याच्या दुकानात मिळतो तो हाच, या समजुतीनं सालासकट दातांनी फोडला. सिद्धेश "नको नको" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्या सालीच्या चिकानं कातडी भाजते, हे इथं रांगत्या पोराला माहीत असतं. अर्ध्या तासात माझे ओठ वांग्यासारखे झाले. काकींनी खोबरेल लावून दिलं आणि बजावलं, "दोन दिस तोंड बंद."

अशी मी वकीलबाईंच्या कचेरीत पोचले. सोबत सिद्धेश, तातूकाका आणि, बोलावलं नसताना, आबा. वकीलबाईंनी अर्धं आयुष्य त्याच कोर्टात काढलेलं. त्यांनी सरळ सांगितलं.

"उद्या 'कबूल नाही' म्हणायचं. तारीख पडेल. मधल्या काळात सरकारी दवाखान्यात उपचार सुरू करायचे. कायद्यात चौसष्ट-अ म्हणून कलम आहे. थोडा माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पुरे करेल, तर खटल्यातून सुटू शकतो. ही बोट चुकेल. पुढची मिळेल."

"पन माका येसनी म्हणतले," सिद्धेश म्हणाला. "बोटीच्या डॉक्टरान इचारल्यान तर?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कायद्यात दोनच रकाने आहेत, बाळा. गुन्हेगार नाहीतर व्यसनी. 'झोप लागत नव्हती' असा तिसरा रकाना नाही. दुसऱ्या रकान्यातून निदान बाहेर येता येतं."

'शिक्षा नको, उपचार द्या.' आमचं ठळक वाक्य. ते मी पहिल्यांदाच एखाद्या माणसाच्या तोंडावर उमटताना बघत होते, आणि त्याला ते दुसऱ्या शिक्षेसारखं दिसत होतं.

मग आबा बोलले. रागानं नाही, खरंच पेच पडल्यासारखे.

"बुधवारी देवाक सांगलंव, कबूल. शुक्रवारी साहेबाक सांगाचा, कबूल नाय. मगे खोटो कोन, वकीलबाई?"

"आबा, 'कबूल नाही' म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सरकारनं सिद्ध करावं, एवढाच त्याचा अर्थ."

"सरकारान काय ता करांदे. मी देवाक काय सांगू? काल सांगललंय ता परत घेतंय? वीस मानसा व्हय म्हाराजा म्हणाली, तेंचा काय?"

मला सगळं म्हणायचं होतं. की देवळातली कबुली वेगळी, कोर्टातली वेगळी. की देव ऐकून घेतो आणि कोर्ट लिहून घेतं. की तो शब्द तिथं उच्चारायला मीच लावला, तेव्हा चूक माझी धरा आणि पोराला सोडा. माझ्या तोंडून बाहेर पडलं ते "फ... फ..." असं काहीतरी. तातूकाकांनी मला पाण्याचा पेला दिला.

"गाऱ्हाण्यात काय सांगितलंत, ते कोर्टाला कुणी विचारणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"कोर्ट इचारना नाय. आमका रोज थंय जावचा आसा."

शेवटी ठरलं की सिद्धेशनं ठरवावं. असं ठरलं की सगळ्यांना हलकं वाटतं, एक सोडून.

शुक्रवार, कोर्ट

वाडीतली सातजणं कामं टाकून आली होती. इस्त्रीचे कपडे, आबांच्या डोक्यावर टोपी. मागच्या बाकावर ती सगळी देवळात बसतात तशीच, हात मांडीवर ठेवून बसली. देवाकडं साहेबासाठी बरी बुद्धी मागितली होती. खुर्चीवर बसल्या होत्या बाईसाहेब, आणि बुद्धी त्यांना आधीपासूनच होती, हे मला सांगायलाच हवं. इथं कुणी दुष्ट नव्हतं. मला एखादा दुष्ट मिळाला असता तर हे लिहिणं किती सोपं झालं असतं.

"आरोप समजला का?"

"होय, बाईसाहेब." कट्ट्यातली भाषा त्यानं दाराबाहेर ठेवली होती.

"कुणी दबाव आणलाय? भीती, आमिष?"

"नाही."

"गुन्हा कबूल आहे?"

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. सिद्धेशनं त्यांच्याकडं बघितलं, मग मागं वळून बाकाकडं. तिथं आबा होते. आबांनी काहीही केलं नाही. डोळेसुद्धा हलवले नाहीत. ते नुसते बसलेले होते.

"होय," सिद्धेश म्हणाला. "चुकलो, बाईसाहेब. गांजा ओढत होतो. मला झोप लागत नव्हती. आता सोडायचा आहे. पदरात घ्या."

आणि मागच्या बाकावरून, सात तोंडांतून, सवयीनं, हलक्या आवाजात आलं: "व्हय म्हाराजा."

"शांतता!" शिपाई ओरडला. बाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, परिणाम समजतात का. तो होय म्हणाला. शिक्षेऐवजी उपचारांना पाठवता येईल का, हेही त्यांनी वकीलबाईंना विचारलं. पण त्यासाठी तो व्यसनी असल्याचा डॉक्टरचा कागद लागतो, आणि त्याचं न झोपणं कुठल्याच कागदावर नव्हतं.

कारकुनानं टाइप केलं: आरोपीने गुन्हा कबूल केला. मी वाकून पडद्यावर बघितलं. पुढचं काही नव्हतं. झोप नव्हती, सोडायचं आहे नव्हतं, पदर नव्हता. अर्धं गाऱ्हाणं सरकारनं लिहून घेतलं होतं.

शिक्षा झाली ती अशी: थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं. सौम्य शिक्षा. बाईसाहेबांना करता येण्यासारखी सगळ्यात सौम्य. तातूकाका बाहेर येऊन पायरीवर बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "सुटलंव." काकींनी पिशवीतून खाजं काढलं, गुळातलं, आल्याचा वास येणारं, आणि सगळ्यांना वाटलं. मघाशी ओरडलेल्या शिपायालाही दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

दुपारी सुट्टीत मी सिद्धेशपाशी जाऊन बसले. ओठ जरा उतरले होते. मी म्हटलं, "तुला कळलं नव्हतं का, होय म्हटल्यावर काय होणार ते?"

"सगळा कळला होता, बाय."

"मग?"

"आबा थंय बसलेले." तो खाज्याचा तुकडा हातात फिरवत होता, खात नव्हता. "जल्माक इल्यापासून तो मानूस माझ्यासाठी देवाक बोलता. मी ताप येवन पडलंय, धाव्वीक बसलंय, बोटीच्या परीक्षेक गेलंय. तेका खोटो पाडू? माझ्या झोपेसाठी?"

"वडिलांना पुन्हा सांगू? दाखल्याचं? त्यांना वाटतंय, दंडानं मिटलं."

"आज नको. आज माझी आवस हसता. मे म्हयन्यात आपसूक कळतला." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुजे ओठ बरे दिसतत आता. कालच्यांचो फोटो काढून गावच्या पाटयेर लावूक होयो होतो: हिरवो काजू खाव नकात."

पुणे, जून

मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. दोन ओळींचं. सध्या विचार करता येत नाही. पुढंही येणार नाही, हे त्यांनी लिहिलं नाही, वकीलबाईंनी सांगितलं. पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा सिद्धेश घरी आहे. एका डॉक्टरांकडं तो आता जातो. खटला संपल्यामुळं बोलायला मोकळा झाला, एवढाच त्याचा फायदा. थोडी झोप लागते, म्हणाला.

मी आमच्या पत्रकाचं तिसरं पान काढून टाकलंय. लाज मोडायला सांगणाऱ्यानं आधी विचारायला हवं की कबुली कोण ऐकतंय आणि कोण लिहून ठेवतंय. पहिल्या पानावरचं ठळक वाक्यही बदललंय, आणि आता ते लांबलचक झालंय. जवळच्या थोड्या मालासाठी खटला नको, नोंद नको. ज्याला सोडायचंय त्याला कुठलाही शिक्का न मारता डॉक्टर द्या. ज्याला कशाचीच गरज नाही त्याला घरी जाऊ द्या. आणि अशा प्रकरणांत आजवर झालेल्या शिक्षांची नोंद पुसून टाका. एवढं पहिल्या पानावर मावत नाही, अक्षर बारीक करावं लागलं. सिद्धेशनं सांगितलं, "लिही माझा नाव. बाबांक आता कळला आसा."

तातूकाकांचा फोन आला तो गेल्या आठवड्यात. चढलेला आवाज नव्हता. ते खरंच विचारत होते.

"बाय, माका एक सांग. देवाक चूक सांगली, देवान पोटात घातल्यान. बाईसायबीणीक सांगली, तिना दंड घेतल्यान, ता पन बरा. दंड भरलंव. झीलान गांजो सोडल्यान. मगे आता ह्यां कोन धरून बसलाहा?"

मी म्हटलं, सरकार, काका.

"तेका कोनी सांगूक नाय?"

नाही, काका. कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते, वाचणाऱ्याला. तुमचा खासदार या महिन्यात कुठंतरी भेटेलच, लग्नात, सत्यनारायणाला, कुठल्यातरी रस्त्याच्या उद्घाटनाला. कायदा दिल्लीत बदलतो आणि तिथं तुम्ही पाठवलेला माणूस बसतो. हात जोडू नका, हार घालू नका, फोटो काढू नका. समोर उभे राहा आणि मोठ्यानं, चारचौघांत विचारा: चिमूटभर गांजासाठी कट्ट्याच्या सिद्धेशची नोंद तुम्ही कधी पुसणार? तो म्हणेल, बघतो. तारीख विचारा. मिळेपर्यंत त्याच्या गाडीच्या वाटेतून हलू नका.